उकळलेली सुई आणि फेकलेली सुई

स्मरणिकेसाठी काहीतरी लिहून द्या, असा आपल्या चिटणीसबाईंचा आग्रह गेली तीन वर्षे चालू आहे. दर वेळी मी हसून टाळीत आले. मी सातवी शिकलेली बाई. माझ्या हातून पोळ्या लाटून होतील, लेख कसा व्हावा? परंतु यंदा त्यांनी विषय मोकळा ठेवला आणि "आपल्या भागाचा काही जुना इतिहास असावा" एवढीच अट घातली. दुर्गाडी किल्ल्यावर, ठाण्याच्या तळ्यांवर आणि १८५३ सालच्या पहिल्या आगगाडीवर लिहिणाऱ्या भगिनी आपल्यात पुष्कळ आहेत. मी मात्र एका अगदी लहान वस्तूचा इतिहास सांगणार आहे. ती वस्तू म्हणजे डॉक्टरांची सुई. तिच्याशी माझ्या माहेरचा संबंध आहे, म्हणून हे धाडस करते. जुनी माहिती मी कल्याणच्या सार्वजनिक वाचनालयात बसून वाचली (हे वाचनालय १८६४ सालचे आहे, हे तरी किती जणींना ठाऊक असेल!) आणि वैद्यकातले बारकावे आपल्या मंडळातील एका निवृत्त परिचारिका भगिनीकडून समजून घेतले. तरीही चूक राहिली तर ती माझी.

माझी आई कल्याणात एका डॉक्टरांच्या दवाखान्यात कामाला होती. सकाळी आठाच्या आत जावयाचे, लादी पुसावयाची, बाकडी पुसावयाची आणि मग सुया उकळावयास बसावयाचे. त्या वेळी सिरिंज काचेची असे. नळी वेगळी, आतला दट्ट्या वेगळा. दोन्हींवर एकच नंबर कोरलेला असे, कारण एका नळीचा दट्ट्या दुसरीला बसत नसे. उकळताना दोन्ही वेगळे करूनच ठेवावे लागत, नाहीतर काच तडके आणि आईच्या पोटात गोळा येई. सुईच्या पोकळीतून केसासारखी बारीक तार फिरवून आधी ती मोकळी करावयाची. पसरट भांड्यात तळाशी फडके, त्यावर नळ्या, दट्ट्या, सुया, वर बुडेपर्यंत पाणी. उकळी फुटली की घड्याळाकडे पाहून वीस मिनिटे. मग हात न लावता चिमट्याने काढून झाकणाच्या ताटलीत ठेवावयाचे, आणि तो चिमटाही औषधाच्या पाण्यात उभा. सुई बोथट झाली की डॉक्टर स्वतः ती दगडावर घासून धार लावीत. त्या सुईने टोचून घेतलेल्या माणसाला ती कशी लागत असे, हे आजच्या मुलांना सांगूनही कळणार नाही.

शाळा सुटली की मी तेथेच बाकड्यावर पाढे लिहीत बसे. आई भांड्यावरचे झाकण उचली तेव्हा वाफेचा लोट येई. मी जवळ गेले की ती म्हणे, "अगं, हात लावू नकोस, आता शिजलंय ते!" आम्ही भावंडे त्याला सुयांचा भात म्हणत असू. पुढे धाकट्या भावंडांना सांभाळावयास घरी कोणी नव्हते, म्हणून माझी शाळा सातवीनंतर सुटली. पण वीस मिनिटे ही गोष्ट कायमची डोक्यात बसली. आईला शाळा ठाऊक नव्हती. जंतू म्हणजे काय, हे तिने कधी पाहिले नव्हते. तरी वीसाची एकोणीस मिनिटे तिने कधी केली नाहीत.

ही वीस मिनिटे आपल्या लोकांच्या हाती येण्यास किती काळ लागला, ते वाचताना मी थक्क झाले.

देवी काढण्याची चाल मुंबईत सुरू झाली ती १८०२ सालच्या जून महिन्यात. पहिली लस टोचली गेली ती अ‍ॅना डस्टहॉल नावाच्या तीन वर्षांच्या मुलीला. ती लस बाटलीतून येत नसे. एका मुलाच्या दंडावर फोड आला की त्यातला पू घेऊन दुसऱ्या मुलाच्या दंडावर टोचावयाचा, दुसऱ्याचा तिसऱ्याच्या. अशा रीतीने दंडादंडांवरून ती लस गावोगाव चालत गेली. देवीपासून लोक वाचले हे खरे, परंतु एखाद्या मुलाच्या अंगात दुसरा रोग असेल तर तोही त्याच टोचणीतून पुढच्याच्या अंगात जाई. पुढे वासरांच्या अंगावर लस वाढवू लागले तेव्हा ही दंडावरून दंडावर देण्याची रीत बंद पडली.

तिकडे युरोपात व्हिएन्नाच्या इस्पितळात सेमेलवाइस नावाचे डॉक्टर होते. त्यांच्या वॉर्डात १८४७ सालच्या एप्रिलमध्ये बाळंतिणींपैकी शंभरात अठरा जणी बाळंतज्वराने गेल्या. डॉक्टर मंडळी प्रेते तपासून तशीच बाळंतिणीकडे येत. सेमेलवाइस यांनी त्यांना चुन्याच्या क्लोरीनयुक्त पाण्यात हात धुवावयास लावले, आणि दोन-तीन महिन्यांत ते मरण शंभरात दोनांवर आले. पण गंमत अशी की मोठमोठ्या डॉक्टरांना हे रुचले नाही. आमच्यासारख्यांचे हात घाणेरडे काय, असे त्यांना वाटले. बाईमाणसाचा जीव आणि पुरुषाचा मान यांत काय जड ठरते, हे तेथेही आपल्यासारखेच!

आपल्या कल्याणात तर याच बाबतीत केवढी मोठी व्यक्ती होऊन गेली. कल्याणच्या जोशांची यमुना, म्हणजे लग्नानंतरच्या आनंदीबाई. वयाच्या चौदाव्या वर्षी त्यांना मूल झाले आणि ते दहा दिवसांत गेले. त्या दुःखातून त्या डॉक्टर व्हावयास निघाल्या, १८८३ साली अमेरिकेस गेल्या आणि ११ मार्च १८८६ रोजी फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयातून पदवी घेतली. त्यांनी पदवीसाठी लिहिलेला प्रबंध आपल्याकडील बाळंतपणाच्या रीतींवर होता. आपल्याकडे नाळ विळ्याने कापीत, त्यावर राख नाहीतर शेण लावीत, आणि मूल सात-आठ दिवसांनी आखडून जाई. बायका म्हणत, सटवीने नेले. तो धनुर्वात होता. आनंदीबाई परत येऊन थोड्याच महिन्यांत, २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, क्षयाने गेल्या. त्यांच्या हातून एक तरी बाळंतपण आपल्या गावात व्हावयास हवे होते, असे मला फार वाटते.

त्यानंतर नऊ वर्षांनी प्लेग आला. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईत मांडवीस डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी तो ओळखला. लोक मुंबई सोडून पळू लागले. मुंबईबाहेर जाणाऱ्या पुष्कळ गाड्या कल्याणवरून जाणार, म्हणून आपले कल्याण स्थानक एकदम महत्त्वाचे झाले. येथे गाड्या थांबवून उतारूंची तपासणी होत असे. काखेत, जांघेत गाठ आहे का ते पाहत. परक्या पुरुषाने बायकांचे अंग चाचपावे यावरून लोक ठिकठिकाणी किती संतापले, ते आपण पुण्याच्या इतिहासात वाचतोच. पुण्यात सावित्रीबाई फुले यांनी मुलाच्या दवाखान्यासाठी प्लेगचे रोगी गोळा करून आणले, एका आजारी पोराला पाठीवर घेऊन आणले, आणि त्याचीच लागण होऊन १० मार्च १८९७ रोजी त्या वारल्या. रोग्याला जो उचलतो, त्याच्याकडे रोग आधी वळतो.

या प्लेगवरची लस डॉ. हाफकिन यांनी भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी प्रथम स्वतःस टोचून घेतली. पुढे त्यांची प्रयोगशाळा परळला गेली. तीच आजची हाफकिन संस्था. येथवरची हकीकत पुष्कळांना ठाऊक असते. यापुढची मात्र मला ठाऊक नव्हती, आणि ती वाचून मी ते पुस्तक मांडीवर तसेच ठेवून बसले.

परळची लस पंजाबात गेली. १९०२ सालच्या ऑक्टोबरअखेरीस मुलकोवाल नावाच्या खेड्यात, ते आता पाकिस्तानात आहे, एका दिवशी एकशे सात माणसांना टोचण्यात आले. पाच बाटल्या लागल्या. त्यांपैकी एकाच बाटलीतून ज्या एकोणीस जणांना टोचले त्यांना आठवडाभरात धनुर्वात झाला आणि एकोणीसही जण मेले. देशभर हाहाकार झाला. चौकशी बसली, दोष परळच्या प्रयोगशाळेवर आला. लस तयार करताना हाफकिननी कार्बोलिक घालण्याऐवजी उष्णतेचा उपाय धरला होता, म्हणून असे झाले, असे ठरविण्यात आले. त्यांना कामावरून दूर केले. खरी गोष्ट पुढे उघडी झाली. बाटलीचे बूच काढावयाचा चिमटा खेड्यात कामाच्या वेळी मातीत पडला होता. मदतनिसाने तो विस्तवात धरून शुद्ध करावयाचा, ते न करता नुसता औषधाच्या पाण्यात हलविला आणि त्यानेच बूच काढले. मातीतला धनुर्वाताचा जंतू बाटलीत गेला. प्रसिद्ध डॉक्टरांनी, त्यांत हिवताप डासांमुळे पसरतो हे शोधणारे रॉस हेही होते, वर्तमानपत्रात लिहून बाजू मांडली, तेव्हा १९०७ साली हाफकिन निर्दोष ठरले. पाच वर्षे एका विद्वान माणसाच्या कपाळी एकोणीस जीवांचा डाग राहिला.

मला त्या चिमट्यावरून आईचा चिमटा आठवला. तो खाली पडला तर ती तो नुसता बुडवीत नसे; पुन्हा भांड्यात टाकी आणि पुन्हा वीस मिनिटे. बाहेर रोगी खोळंबत, कंपाउंडर ओरडे. आई म्हणे, "थांबू दे की, कुणाच्या अंगात जायचंय ते!" तिला मुलकोवालचे नावही ठाऊक नव्हते. आज वाटते, ते तिला सांगता आले असते तर किती बरे झाले असते.

असो. स्वातंत्र्यानंतर इंजेक्शनाचे दिवस आले. पुण्याजवळ पिंपरीस १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना निघाला आणि पेनिसिलीन आपल्याच राज्यात होऊ लागले. न्यूमोनियाची, बाळंतज्वराची माणसे उठून बसू लागली, त्यामुळे लोकांच्या मनात सुईवर इतकी श्रद्धा बसली की साध्या पडशालाही "डॉक्टर, सुई द्या" म्हणावयाचे. गोळ्या लिहून दिल्या तर हा डॉक्टर कच्चा! आपल्यापैकी ज्या हसत आहेत त्यांनी आपल्या सासूबाईंना विचारावे. मागणी वाढली तसे उकळणे घाईचे झाले. सगळ्याच दवाखान्यांत माझी आई नव्हती. काही ठिकाणी गरम पाण्यातून सुई नुसती फिरवीत, काही ठिकाणी सुई बदलीत आणि नळी तीच ठेवीत.

१९६७ च्या सुमारास अमेरिकेत ब्लुमबर्ग यांनी रक्तातून पसरणाऱ्या काविळीचा, म्हणजे हिपॅटायटिस बीचा, माग काढला. डोळ्यांस न दिसणारा रक्ताचा अंश सुईत राहिला तरी तो रोग एकाचा दुसऱ्यास होतो, हे कळले. मग १९८६ साली चेन्नईत आपल्या देशातील एचआयव्हीची पहिली लागण आढळली आणि सुईची भीती घरोघर गेली. प्लॅस्टिकची, एकदाच वापरून टाकण्याची सिरिंज न्यूझीलंडच्या कॉलिन मर्डोक यांनी १९५६ सालीच काढली होती. आपल्याकडच्या लहान दवाखान्यांत तिचे राज्य आले ते या भीतीनंतर. आईच्या दवाखान्यात १९९३ च्या आसपास पाटी लागली, येथे डिस्पोजेबल सुई वापरली जाते. ते पसरट भांडे माळ्यावर गेले. आईला आधी आनंद झाला. पहाटेची घाई गेली, काच फुटण्याची धास्ती गेली.

येथे मला थोडे थांबून सांगावयाचे आहे, कारण लेख लिहावयास घेतला तो यासाठीच.

काचेची सुई दवाखान्यातच राहत असे. तिची काळजी घेणारे माणूस ठरलेले असे. प्लॅस्टिकची सुई रोग्याला निर्धोक झाली, पण ती दिवसाला पन्नास-साठ निघू लागली आणि तिचे पुढे काय करावयाचे ते कोणी ठरविले नव्हते. ती टेबलाखालच्या बादलीत पडे. रात्री आई ती बादली पिशवीत उलटी करून महापालिकेच्या कुंडीत टाकून येई. काही महिन्यांनी एक भंगारवाला येऊ लागला. तो नळ्यांचे किलोवर पैसे देई. त्या नळ्यांचे तो पुढे काय करीत असे, हे आईने विचारले नाही, मीही नाही. घरात पाच-दहा रुपये जास्त येत होते, हे लपवून काय उपयोग?

१९९६ च्या पावसाळ्यात पिशवी दाबून बांधताना एक सुई आरपार येऊन आईच्या तळहातात गेली. डॉक्टर निघून गेले होते. कंपाउंडर म्हणाला, डेटॉल लाव. आईने हात धुतला, घरी येऊन हळद दाबली आणि दुसऱ्या दिवशी कामावर गेली. ज्या बाईने उकळत्या सुयांत दहा वर्षे हात न पोळता काढली, तिला फेकलेली सुई लागली. पुढे २००७ साली एका शस्त्रक्रियेच्या आधी रक्त तपासले तेव्हा हिपॅटायटिस बी निघाला. यकृत बिघडत गेले, आणि २०१४ साली ती आम्हांला सोडून गेली. त्याच सुईने हे झाले असे मी म्हणणार नाही. तो रोग आणखी चार मार्गांनी येतो, आणि कोठून आला ते इतक्या वर्षांनी सांगता येत नाही, असे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले. पण ती सुई कोणाच्या अंगातून आली होती, हे त्या रात्री कोणी पाहिले नाही, एवढे मात्र खरे.

परिचारिका भगिनीने मला जे आकडे दिले ते येथे देते. लागण असलेल्या माणसाची सुई टोचली तर, लस घेतली नसल्यास, हिपॅटायटिस बी होण्याची भीती शंभरात तीसपर्यंत असते. हिपॅटायटिस सीची शंभरात दोन-तीन, आणि एचआयव्हीची हजारात तीन. आपण सर्वांत जास्त भितो ते शेवटच्याला! बीचा विषाणू सुकलेल्या रक्तात सात दिवस तग धरू शकतो. टोचल्यावर जागा साबणाने व वाहत्या पाण्याने धुवावी, पिळू नये, बोट तोंडात घालू नये, आणि त्याच दिवशी मोठ्या इस्पितळात जावे. एचआयव्हीवरची प्रतिबंधक औषधे पहिल्या दोन तासांत सुरू झाली तर उत्तम, बहात्तर तासांनंतर उपयोग नाही. ती अठ्ठावीस दिवस घ्यावी लागतात. बीची लस आपल्या तान्ह्या मुलांना २०११ पासून देशभर सरकारी लसीकरणात मिळते. सफाईचे काम करणाऱ्या मोठ्या माणसांना मात्र कोणीतरी आठवणीने द्यावी लागते.

हा कचरा जाळून टाकावा, असे आधी सर्वांना वाटले. १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने दिल्लीतील पन्नासांहून अधिक खाटांच्या इस्पितळांना भट्ट्या बसविण्यास सांगितले. पण प्लॅस्टिकच्या काही जाती जाळल्या की डायॉक्सिन नावाचे विष धुरातून बाहेर पडते. सुईचा धोका धुरात गेला, एवढाच फरक. मग जुलै १९९८ मध्ये दवाखान्यांच्या कचऱ्यासाठी देशाचे पहिले नियम झाले आणि क्लोरीनयुक्त प्लॅस्टिक जाळण्यास मनाई आली. २८ मार्च २०१६ रोजी नवे नियम आले. त्यांतले रंग आपण दवाखान्यात पाहतोच: रक्ताळलेला कापूस, बोळे, शरीराचे भाग पिवळ्या पिशवीत, नळ्या, हातमोजे, सुई काढलेल्या सिरिंजा लाल पिशवीत, सुया आणि पाती पांढऱ्या, न टोचल्या जाणाऱ्या डब्यात, काचेच्या कुप्या निळ्या खुणेच्या खोक्यात. लाल पिशवीतले जाळावयाचे नाही. ते वाफेच्या दाबाने निर्जंतुक करून तुकडे करावयाचे. म्हणजे पाहा, फिरून गोष्ट आईच्या भांड्यावरच आली! अठ्ठेचाळीस तासांच्या आत तो कचरा उचलला गेला पाहिजे, आणि दर पिशवीवर पट्ट्यापट्ट्यांची खूण असते, म्हणजे ती कोणत्या दवाखान्याची ते कळते.

ठाण्यात या कामी कळव्याच्या छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालयाच्या आवारात सोय झाली. एन्व्हायरो व्हिजिल या ठाण्याच्याच संस्थेने महापालिकेबरोबर ते काम अंगावर घेतले; दवाखान्यादवाखान्यांतून गाडी फिरू लागली. आपल्या कल्याण-डोंबिवलीचा एकूण कचऱ्याचा इतिहास मात्र फारसा मिरवण्याजोगा नाही. कल्याणच्या खाडीकाठी आधारवाडीचा डोंगर वर्षानुवर्षे वाढत गेला. उन्हाळ्यात तो पेटे आणि धूर घराघरात येई. माहेरी गेले की मी वाळत घातलेले कपडे आत घेत असे. २०१५ साली कचऱ्याची व्यवस्था नाही म्हणून उच्च न्यायालयाने आपल्या महापालिकेच्या हद्दीत नव्या बांधकामांना परवानगी देण्यासच बंदी केली होती. आधारवाडीस कचरा टाकणे बंद झाले ते २०२१ साली. तोपर्यंत त्या डोंगरावर उघड्या हातांनी वेचणाऱ्या बायका होत्या. दवाखान्यातला कचरा वेगळा करण्याचे नियम असले तरी चुकून आलेली सुई आधी त्यांनाच भेटणार.

कारण सगळाच कचरा दवाखान्यातून येत नाही. २०२० साली करोना आला तेव्हा हे फार उघडे पडले. मास्क, हातमोजे, घरीच पडून असलेल्या रोग्यांचे कपडे-कापूस घराघरांतून निघू लागले. पिवळ्या पिशव्या इमारतींच्या जिन्यांत आल्या. साध्या घरांनी मास्क कागदी पिशवीत बहात्तर तास ठेवून, कापून, मग सुक्या कचऱ्यात टाकावा, अशी सूचना होती. आपण किती जणींनी कापला? मी दोन दिवस कापला.

आणि आता माझीच गोष्ट. माझ्या सासूबाईंना मधुमेह आहे. रोज दोनदा इन्सुलिन, म्हणजे महिन्याच्या साठ सुया. मी त्या टोपण लावून सुक्या कचऱ्याच्या पिशवीत टाकीत असे. आईची सगळी हकीकत ठाऊक असूनही! घरातली सुई ती सुई असे मला वाटतच नव्हते; सासूबाईंची आहे, स्वच्छ आहे, असेच मनात. दीड वर्षापूर्वी घंटागाडीवरच्या दादाने खालून हाक मारली. बोटाला चिंधी गुंडाळलेली. "वहिनी, तुमच्या जिन्याच्या पिशवीत सुई होती, कुणाची ते विचारा जरा." जिन्यात बारा बिऱ्हाडे. मी वरून "विचारते" म्हटले आणि दार लावून घेतले. संध्याकाळी मला जेवण गेले नाही. दुसऱ्या दिवशी खाली उतरून त्याला सांगितले की सुई माझ्या घरची, आणि त्याला घेऊन इस्पितळात गेले. सासूबाईंचेही रक्त तपासून घेतले. त्यांत काही निघाले नाही. तो नंतरही माझ्याशी नीट बोलतो, यात त्याचा मोठेपणा.

२०१६ च्या घनकचऱ्याच्या नियमांत घरातल्या वापरलेल्या सुया व सिरिंजा घरगुती घातक कचऱ्यात धरून वेगळ्या द्यावयास सांगितले होते. सांगितले खरे, पण द्यावयाच्या कोणाकडे? औषधांच्या दोन दुकानदारांनी मला हात जोडले. शेवटी आमच्या गल्लीतील एका डॉक्टरीणबाईंनी त्यांच्या पांढऱ्या डब्याबरोबर घेऊन जाण्याचे मान्य केले. आता जाड प्लॅस्टिकच्या, झाकण घट्ट बसणाऱ्या बरणीत सुया साठवते, बरणी पाऊण भरली की झाकणावर चिकटपट्टी लावून त्यांच्याकडे पोचविते. आमच्या जिन्यातल्या आणखी चार घरांत इन्सुलिन आहे हे मला त्या निमित्ताने कळले. बारा बिऱ्हाडांत पाच! त्यांच्याही बरण्या आता माझ्याकडे येतात.

राहिली आपल्या मंडळाची गोष्ट. गेल्या वर्षीच्या आरोग्य शिबिरात आपण शंभरावर भगिनींची साखर तपासून घेतली. बोटाला टोचावयाच्या त्या बारीक टोच्या आणि रक्ताचे कापसाचे बोळे शिबिर संपल्यावर चहाच्या कागदी पेल्यांबरोबर एकाच काळ्या पिशवीत गेले. पिशवी बांधली ती मीच. हे मी कार्यकारिणीपुढे सांगितले तेव्हा कोणी रागावले नाही. दोघी-तिघी गप्प बसल्या, त्यांनाही आठवले असावे. यंदाच्या शिबिरासाठी तपासणी करणाऱ्या मंडळींना आधीच कळविले आहे की पांढरा डबा आणि पिवळी पिशवी त्यांनी बरोबर आणावयाची व बरोबर न्यावयाची, आणि निघताना टोच्या मोजून वहीत लिहावयाच्या. मोजण्याचे काम चिटणीसबाईंनी माझ्याकडे दिले आहे.